जात्यावरच्या ओव्या, फोनवर: एका गिरणीवाल्याचा अभिप्राय

पारीच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा जो विभाग आहे, त्याविषयी लिहितोय. पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेलं. खेड्यापाड्यातली माणसं काय काम करतात, कशी जगतात, काय बोलतात याची नोंद ठेवणारी ही जागा. पैसे पडत नाहीत, मध्येच जाहिरात येत नाही, आणि ओव्या आपल्याच भाषेत आहेत. कवितेनं माणसाचं मन बरं राहतं का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी बाकी चर्चेच्या आधी इथे जाऊन ऐकावं, असं माझं ठाम मत झालंय.

माझी भोरला पिठाची गिरणी आहे. वडिलांनी घातलेली, आता मी चालवतो. गिरण्या आल्या आणि ओव्या गेल्या, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ते खरंच आहे. घरचं दळण गिरणीत यायला लागलं, जातं पडवीच्या कोपऱ्यात सरकलं, पुढे हळद-कुंकू लावण्यापुरतं लग्नात बाहेर निघायला लागलं. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे, आणि थोडं कर्तव्यही.

आधी हा संग्रह आला कुठून ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवाँ, या जोडप्यानं हे काम उभं केलं. मुळशीच्या डोंगराळ गावांतल्या गरीब बायकांबरोबर ते काम करत होते. बायका एकत्र बसल्या, आपल्या आयुष्याबद्दल बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता ओव्या निघाल्या. ज्या गोष्टी सभेत सांगायला जीभ रेटत नव्हती त्या ओवीत आधीच सांगून झालेल्या होत्या. मग गावोगाव फिरून ओव्या लिहून घ्यायचं काम सुरू झालं. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक त्यात आले, ओव्यांची यादी संगणकावर चढली, आणि शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं. १,००० हून जास्त गावं, ३,३०० च्या वर बायका आणि १,१०,००० हून जास्त ओव्या. हेमाताई आणि गी, दोघंही आज हयात नाहीत. २०१७ पासून पारीनं या ओव्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. नमिता वाईकर, आशा ओगले, आणि मुळशीतल्या कोळवड्याचे जितेंद्र मैड या मंडळींची नावं तिथे सारखी दिसतात. मैड यांनी तर मूळ संग्रहाच्या वेळीही गावोगाव फिरून ओव्या गोळा केलेल्या आहेत.

लाखाच्या वर ओव्या ही काही थोडी गोष्ट नाही. आणि त्यातली एकही कुणी व्यासपीठावर वाचण्यासाठी रचलेली नाही.

आता वापराचं. मी ऐकतो ते बहुतेक दुपारी, किंवा लाइट गेली की. चक्की चालू असताना ऐकणं शक्यच नसतं. पट्ट्याचा आवाज, मोटरचा आवाज, त्यात कुणाचं तरी ‘भाऊ, बाजरीवर गहू नका दळू हं’ चालू असतं. लाइट गेली की सगळं एकदम शांत होतं आणि डबे घेऊन आलेल्या बायका बाकड्यावर बसून राहतात. अशा वेळी फोन छोट्या स्पीकरला जोडून मी एखादं पान लावतो. पानाची रचना साधी आहे. वर थोडी माहिती, मग ओव्यांचा आवाज किंवा चित्रफीत, खाली ओव्यांचे शब्द लिहिलेले. वाचणारा वाचतो, ऐकणारा ऐकतो. सर्वांत खाली गाणाऱ्या बाईची नोंद असते, तिच्याविषयी पुढे बोलतो.

नव्या माणसानं सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: गंगूबाई अंबोरे. परभणी जिल्हा, पूर्णा तालुका, गाव ताडकळस. या बाईंचा आवाज १९९०च्या दशकात टिपून ठेवलाय. बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातली बाई, पण घरातून बाहेर काढलेली, आणि गावातल्या देवळात राहून दिवस काढणारी. त्यांनी गायलेल्या ओव्यांमध्ये सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत. रामानं टाकून दिल्यावरची, रानात एकटी पडलेली सीता.

त्यातली एक ओवी तुम्ही इतर ठिकाणीही वेगवेगळ्या रूपांत ऐकली असेल. रानात कुणी तरी रडतंय, आणि तिची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. कागदावर ही ओवी दोन ओळींची. पण गाताना ती दोन ओळींची राहत नाही. पहिली ओळ अर्धी म्हटली जाते, तिथे आवाज थांबतो, परत मागे येतो, तेच शब्द पुन्हा, मध्ये एक ‘गं’, एक ‘बाई’, आणि मग कुठे पुढचं पाऊल पडतं. रडतंय कोण, हे कळायच्या आधी ते रडणं तुम्हाला दोनदा ऐकावं लागतं. मग ती झाडं येतात. पिंपळ नाही, वड नाही, आंबा नाही. बोर आणि बाभूळ. दोन्ही काट्यांची, दोन्ही माळावरची, कुणी न लावता उगवलेली. ज्या बाईला माणसांनी घराबाहेर काढलं, तिच्या ओवीत समजूत काढायला हीच झाडं येतात, आणि ती ‘बायका’ होऊन येतात. समजूत बायकाच काढणार, हे तिला माहीत होतं.

सीतेचं नाव घेऊन ती स्वतःचंच सांगतेय, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतं. पण मला त्यापुढचंही काही ऐकू येतं. रानातल्या सीतेजवळ रामायणात कुणी असो नसो, गंगूबाईंनी तिच्याजवळ माणसं आणून बसवली. स्वतःसाठी जी सोबत मिळाली नाही ती त्यांनी गाण्यात करून ठेवली, आणि पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर भोरच्या गिरणीत बसलेल्या बायकांना ती मिळते. आमच्याकडे नेहमी येणारी एक मावशी ही ओवी ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमच्याकडं ही जरा येगळी म्हणत्यात,’ आणि तिनं तिची म्हणून दाखवली. तिच्या ओवीतलं झाड वेगळं होतं. त्यावर शेजारची काकू बोलली, तिच्या आईची आणखी तिसरीच. लाइट आली तरी माझा हात खटक्याकडे लगेच गेला नाही.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिनं एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घडलं काय आणि वाटलं काय, दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून झाल्या झाल्या बरं वाटलं नाही, उलट वाईटच वाटलं. पण पुढच्या महिन्यांत ती मुलं इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेली. नंतर यावर पुष्कळ अभ्यास झाले आणि हा फायदा खरा असला तरी तसा लहानच निघाला, हेही तिनं लगेच सांगितलं. तिचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

पण मला त्या प्रयोगातलं पटलं ते हे की घडलेलं आणि वाटलेलं, दोन्ही एकत्र सांगावं लागतं. ओवी नेमकं तेच करते. पहिल्या ओळीत बहुधा काहीतरी दिसणारं असतं: वाट, झाड, चोळी, गाडीचा बैल, पंढरीचा कळस. दुसऱ्या ओळीत मनातलं. नुसतं रडगाणं ओवीत मावतच नाही, कारण आधी काही तरी दाखवावं लागतं. आणि चार दिवस पंधरा मिनिटं कुठे, आणि वर्षानुवर्षं रोज पहाटे कुठे! शिवाय प्रयोगातला मुलगा खोलीत एकटा लिहीत होता. जात्याला बहुतेक दोघी असायच्या, समोरासमोर, एकाच खुंट्याला हात. एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं उचलायची.

आईला मी विचारलं. माझ्या आईचं माहेर मुळशीच्या खोऱ्यातलं, लग्न होऊन इकडे आली. आता थकलीय, पण ओव्या आठवतात. तिला पारीवरच्या मुळशीकडच्या गावांच्या ओव्या ऐकवल्या तर पहिल्याच ओळीला म्हणाली, ‘ही आमच्या चालीची.’ शब्दांच्या आधी तिला चाल ओळखू आली. मग मी म्हटलं, ‘आई, तुम्ही गायचात ते मन मोकळं करायलाच ना?’

‘सासूला तोंडावर बोलायची सोय नव्हती,’ ती म्हणाली. ‘मग जात्याला सांगायचं.’

‘आणि सासूनं ऐकलं तर?’

‘ऐकावं म्हणूनच तर मोठ्यानं म्हणायचं!’

ही गोष्ट माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. पहाटे चार वाजता घर झोपलेलं असतं, पण अर्धवट. सून ओवी म्हणते ती जात्याला, आईला, भावाला, विठ्ठलाला उद्देशून. पण भिंतीपलीकडे सासू जागी आहे, नवरा कूस बदलतोय, हे तिला ठाऊक असतं. कुणाचं नाव घेतलेलं नाही, म्हणून कुणाला भांडता येत नाही. आणि कुणालाच ऐकू आलं नाही, असंही म्हणता येत नाही. बोलायला जागा नसलेल्या घरात बायकांनी ही जागा करून घेतली होती. मनाचं आरोग्य, समुपदेशन असे शब्द आपण आता वापरतो. त्यातलं मुख्य काम, म्हणजे ‘माझ्यावर हे गुदरतंय’ हे धडपणे सांगता येणं आणि ते कुणाच्या तरी कानावर जाणं, त्या साध्या दोन ओळींत होत होतं.

इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगायची आहे, कारण ओव्यांबद्दल लिहिणारे पुष्कळदा हळवे होतात. जातं परत यावं असं मला अजिबात वाटत नाही. आठ-दहा माणसांच्या घराचं रोजचं दळण म्हणजे काय, हे ज्यानं खुंटा धरून पाहिलाय त्यालाच कळेल. खालची तळी घट्ट, वरची फिरती, मध्ये खीळ. एका हातानं ओढायचं, दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घालायची. जोर लागतो तो खांद्यात आणि कमरेत. बाळंतीण बाईसुद्धा काही दिवसांत परत जात्याला बसायची. नाचणी एक वेळ परवडली, पण ज्वारीचं दळण रडवायचं, असं आई म्हणते. जात्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं दगड खरखरीत करून, घेतली नाही की पीठ भरड पडायचं आणि बोलणी सुनेला बसायची. आमच्या चक्कीच्या दगडालाही टाकी लागते, ती मी स्वतः लावतो, तेव्हा त्या छिन्नीच्या आवाजावर आई हमखास बाहेर येऊन बसते.

तर गिरणीनं बायकांचे हात सोडवले, आणि ते फार चांगलं झालं. माझ्या वडिलांनी केलेल्या कामाचा मला अभिमान आहे. फक्त हात सुटले त्याच वेळी ती पहाटेची बोलायची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरं काही आलं नाही. दळण डब्यातून आलं-गेलं, सांगायचं ते पोटात राहिलं. गिरणीच्या बाकड्यावर बायका खूप बोलतात, पण ते महागाई, पोरांच्या परीक्षा, कुणाचं लग्न जमलं असं. आतलं बोलणं चार लोकांत होत नाही. त्याला ओवीचा पडदा लागतो. म्हणून मी त्या मावशीच्या ‘आमच्याकडं ही जरा येगळी’ ला इतकं महत्त्व देतो.

ओव्या म्हणजे सगळं दुःखच, असं मात्र समजू नका. हा संग्रह ऐकला की उलट थक्क व्हायला होतं ते आनंदामुळे. भाऊ भेटायला येतोय, लांबून त्याचा फेटा दिसतोय, एवढ्यावर ओव्यांमागून ओव्या. लेकरू रांगतंय, लेक शाळेत जातेय, मैत्रीण भेटली. पंढरीच्या ओव्या तर विचारूच नका. आषाढाच्या सुमाराला त्या मुद्दाम लावाव्यात. त्यात विठ्ठल हा लांबचा देव नाहीच, घरातलाच माणूस आहे. रुक्मिणी त्याच्यावर रुसते, जनीवरून त्याच्याशी भांडते, जेवायला वाढायचं सोडून तोंड फिरवून बसते. बाकड्यावरच्या बायकांना या ओव्या फार आवडतात. देवाच्याही घरात हे चालतं म्हटल्यावर आपल्या घरातल्याची लाज कमी होते, असं मला त्यांच्या हसण्यावरून वाटतं.

आणि बाबासाहेबांच्या ओव्या. बीड जिल्ह्यात माजलगाव इथे भीमनगर ही वस्ती आहे. तिथल्या बायकांनी गायलेल्या ओव्या पारीवर आहेत, त्या प्रत्येकानं ऐकाव्यात. माझ्या मते या संग्रहातला हा सगळ्यात ताठ मानेचा भाग आहे. तेच जातं, तीच दोन ओळींची ओवी. पण इतर ओव्यांमध्ये ज्या जागी भाऊ असतो, राम असतो, विठू असतो, त्या जागी इथे भीमराव येतो. त्याचं शिक्षण, त्याचा कोट, त्याची गाडी, त्यानं दाखवलेला बुद्धाचा रस्ता. ज्यांना कुणी माणूस म्हणून मोजलं नाही त्या बायका ‘माझा भीमराव’ म्हणतात तेव्हा त्या ‘माझा’ वर आवाज किती भरून ठेवलेला असतो, ते लिहून कळणार नाही. मनाचं बरं असणं म्हणजे नुसतं दुःख हलकं होणं, अशी समजूत असेल तर या ओव्या ती मोडतात. मान वर होणं हाही त्याचाच भाग आहे, आणि बहुधा मोठा भाग.

आता त्या शेवटच्या नोंदीकडे येतो. ओव्या संपल्या की पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं: गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलं किती, शिक्षण, काम, आणि ध्वनिमुद्रणाची तारीख. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे सरकारी अर्जासारखं कोरडं वाटलं. जातीचा रकाना तर नकोसाच वाटला. पण ऐकत गेलो तसं त्याचं मोल कळलं. शिक्षणापुढे ‘नाही’, आणि वर त्याच बाईची अशी ओवी, जी शिकलेल्याला जन्मात सुचणार नाही. सीतेची ओवी आणि भीमरावाची ओवी कुठल्या घरातून आली, ती बाई रोज कुणाच्या शेतात राबत होती, हे कळल्याशिवाय ओवी अर्धीच कळते. जातीचा रकाना झाकून ठेवला असता तर माजलगावच्या बायकांचं अर्धं म्हणणं झाकलं गेलं असतं.

आणि नाव. आपल्याकडे ‘लोकगीत’ म्हटलं की त्याला कुणी धनी नसतो. रेडिओवर नुसतं ‘पारंपरिक’ म्हणायचे आणि पुढे जायचे. इथे तसं नाही. ओवी आजीकडून आली असेल, पणजीकडून आली असेल, पण ती आज म्हणणारी बाई ही आहे, या गावची आहे, हे लिहून ठेवलंय. नोंदीबरोबर बऱ्याचदा तिचा फोटोही असतो. कुठे कुठे पारीची माणसं वीस-एकवीस वर्षांनी त्याच गावात परत गेली, त्या बायकांना शोधून काढलं, कुणी भेटल्या, कुणी वारल्या होत्या. आयुष्यभर ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ म्हणून जगलेल्या बाईच्या नावापुढे तिचे स्वतःचे शब्द, ही लहान गोष्ट नाही. या सेवेला मी एवढं मानतो त्याचं पहिलं कारण हेच.

अडचणी आहेत का? आहेत, पण त्या कामाच्या आकारामुळे आलेल्या आहेत. लाखाच्या वर ओव्यांतल्या सगळ्यांचा आवाज नाही; पुष्कळ ओव्या नुसत्या हातानं लिहून घेतलेल्या, आणि त्या वाचायच्याच. ओवी वाचून समाधान होत नाही, निदान माझं तरी नाही. दुसरं, बोली. मराठवाड्यातली ओवी मावळातल्या कानाला एका ऐकण्यात कळत नाही. तेव्हा शब्द समोर ठेवून ऐका, आणि घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना शेजारी बसवा. तिसरं, विषयांची वर्गवारी अभ्यासकांच्या सोयीनं केलेली आहे. विषय, त्यात उपविषय, त्याला खुणेची अक्षरं आणि आकडे. सवय झाली की ही वर्गवारी फार उपयोगी पडते, कारण ‘भाऊ-बहीण’ म्हटलं की कुठल्या कुठल्या जिल्ह्यातल्या ओव्या एकत्र येतात. पण नवख्यानं त्यात न शिरता आधी पारीनं मांडलेली एकेक कथा घ्यावी. ज्यांची मुलं मराठी वाचत नाहीत त्यांच्यासाठी इंग्रजी अनुवादही तिथेच आहेत. माझा भाचा बाहेरदेशी असतो, तो तेवढ्यावर वाचतो आणि आजीला फोन करून अर्थ विचारतो. आजी खूश.

जुन्या ध्वनिमुद्रणात मागे कोंबडा, लहान मूल, कुणाची तरी हाक, असं सगळं ऐकू येतं. स्टुडिओतल्या गाण्याची सवय असलेल्यांनी हे धरून चालावं. मला स्वतःला ते हवंच असतं. काही ध्वनिमुद्रणांत खरोखरच जातं फिरतंय आणि त्याची घरघर ओवीच्या खाली चालू आहे. ती घरघर गेली की चाल कुठे टेकते तेच कळत नाही.

कुणासाठी आहे हे? कविता आवडणाऱ्यांसाठी तर आहेच. पण मी म्हणेन, ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढची बाई आहे आणि ती दिवसभर गप्प बसून असते, त्यांनी आधी वापरून पाहावं. टीव्ही बंद करून, सकाळी, चहाच्या वेळी. आवाज जरा मोठा ठेवा. लगेच काही बोलली नाही तरी थांबा. आमच्या आईनं मुळशीच्या ओव्या ऐकून एकेक करत तिच्या आठवणीतल्या म्हणायला घेतल्या, आणि त्यातून आम्हाला तिच्या पहिल्या वर्षांची सासरची अशी हकिगत कळली जी वडिलांनाही माहीत नव्हती. ती इथे लिहिणार नाही, ती तिची आहे.

ज्यांना आत फार साचलंय आणि झोप लागत नाही, त्यांनी डॉक्टरकडे जावं, ओवी त्याची जागा घेत नाही. पण डॉक्टरपुढे बसल्यावर तोंडातून शब्द फुटावा लागतो. ती सवय ओवीनं लागते, असं मी बाकड्यावर डोळ्यांनी पाहतोय.

गिरणीत मी आता दळणाच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवलीय. लाइट गेली की जिला आठवेल ती ओवी सांगते, मी किंवा मुलगी लिहून घेतो, जमलं तर फोनवर आवाजही घेतो. पारीचीच रीत उचललीय: ओवीखाली बाईचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, ओवी कुणाकडून शिकली ते, आणि तारीख. तुम्ही घरी असं काही करणार असाल तर आधी त्या बाईला विचारा, नाव लिहू का म्हणून. आमच्याकडे एकीनं नको सांगितलं, तिची ओवी लिहिलीय, नावाची जागा मोकळी ठेवलीय. बाकीच्या सगळ्यांनी मात्र आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि दोघींनी तर लिहून झाल्यावर वही हातात घेऊन ते बरोबर लिहिलंय का ते तपासून पाहिलं.